वरमाईची खाकी पट्टी

मित्रांनो, मी सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या सख्ख्या जुळ्या बहिणीचा बसत नाही, तर तुमचा काय बसणार! मी एक जुनी लोकरीची पट्टी आहे. रंग खाकी होता, आता तो उन्हाने आणि धुण्याने उडाला आहे. इस्लामपूरच्या अलीकडे एका मळ्यात, वस्तीपुढच्या कडुलिंबाखाली दोरीवर मी वाळत घातलेली आहे. मला बघून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटते, ही कुठली चिंधी! पण साऱ्या मुलखात वरमाईबरोबर पाय धुऊन घ्यायला मांडवात बसलेली पट्टी एकच, आणि ती मी.

आम्ही दोघी जुळ्या. शिपायाच्या दोन पोटऱ्यांना दोन पट्ट्या लागतात, म्हणून गिरणीतून आम्ही जोडीनेच बाहेर पडलो. माझी लोकर माणदेशातल्या मेंढीची आहे, असे मी सांगत असते. खरे-खोटे ती मेंढी जाणे.

आमचे धनी नाथाजी हवालदार. लढाईच्या वर्षांत ते खेचरांच्या पलटणीत होते. खेचरांच्या रांगेपुढे घोड्यावर बसून ते मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळूतून जात, तेव्हा मी त्यांच्या डाव्या पोटरीवर असे. तिथले ऊन असे, की तोफेवर भाकरी टाकली तर पापुद्रा सुटून ती आपली आपण उलटत असे. एकदा एक खेचर दरडीवरून घसरले. नाथाजींनी मला सोडून त्याच्या पोटाखालून घातले आणि ओढून वर काढले. दारूगोळ्यासकट खेचर मी एकटीने पेलले! साहेब म्हणाले, "उद्या तोफ अडकली तरी हिलाच बोलवा." आता हसू नका. साहेब इंग्रजीत बोलले होते, मला जेवढे कळले तेवढे सांगितले.

लढाई संपली. नाथाजी घरी आले आणि आमची रवानगी पत्र्याच्या ट्रंकेत झाली. ज्या पट्टीने खेचर पेलले, तिच्या अंगावर आता झुरळे चालत. मित्रांनो, गरज सरली की कौतुकही सरते. मला वाटले, आपले आयुष्य इथेच संपले.

पण घरात दुसरीच काळजी शिजत होती. नाथाजींच्या पत्नी बयाबाई यांचा डावा पाय फार वर्षांपासून सुजलेला होता. आधी हुडहुडी भरून ताप यायचा, पाय लाल व्हायचा, मग ताप उतरायचा. पण सूज थोडी थोडी मागे राहायची. होता होता पाय गुडघ्यापर्यंत खांबासारखा झाला. लोक त्याला हत्तीपाय म्हणत. बयाबाई लुगड्याचा घोळ खाली सोडून तो झाकत आणि परक्या दारात जाणे टाळत.

अशात त्यांच्या मुलाचे, लालासाहेबाचे लग्न ठरले. मुलगी माणदेशातली, मुहूर्त वैशाखातला. घरात आनंदीआनंद आणि बयाबाईंच्या डोळ्यांत पाणी. तुम्हाला रीत ठाऊक आहेच. नवऱ्यामुलाची आई, म्हणजे वरमाई, पाटावर बसते आणि मुलीची आई साऱ्या बायकांदेखत तिचे पाय परातीत घेऊन धुते.

"मी काय मांडवात येत न्हाई," बयाबाई म्हणाल्या.

"आगं, एकुलत्या पोराच्या लग्नात आई न्हाई? लोक काय म्हनतील?" नाथाजी म्हणाले.

"आन् पाय बघून काय म्हनतील? मावंल का ह्यो परातीत? मागं मांडवभर हसतील. पोरीला जन्मभर टोमणं, तुझी सासू हत्तीपायाची म्हनून."

मग नाथाजींना आठवले, पलटणीतले डॉक्टर सुजलेल्या पायाला दाबून पट्टी बांधत. त्यांनी ट्रंक उघडली. मी उजेडात आले!

पण मित्रांनो, इथेच घोळ झाला. पायदळातला शिपाई पट्टी घोट्यापासून वर गुंडाळत नेतो. घोड्यावरचा शिपाई गुडघ्याखाली सुरुवात करतो आणि फिरवत फिरवत घोट्यावर आणून बांधतो. नाथाजींचा हात घोडेस्वाराचा. त्यांनी मला बयाबाईंच्या गुडघ्याखाली करकचून आवळले आणि खाली आणले. संध्याकाळी पाऊल पुरीसारखे टम्म फुगले. बयाबाई कळवळल्या.

"आवं, पखालीचं तोंड वर बांधल्यावर पानी जाईल कुठं? खालीच साचनार न्हवं? बोटापास्नं सुरू करा, आन् वर येताना सैल सोडा."

"खालनं वर पायदळवालं बांधत्यात! मी घोड्यावरचा हवालदार हाय."

"मग जावा, घोड्याला बांधा. मी पायानं चालती. माझं पायदळच!"

नाथाजींनी मिशीला पीळ दिला, दारापर्यंत जाऊन आले, आणि मुकाट्याने बोटांपासून सुरुवात केली. घरात पायदळ आले ते असे.

तरी एक वैरी उरलाच होता, तो म्हणजे चैत्राचे ऊन. मी पडले लोकरीची. दुपारी पायाला घाम सुटे, घामोळे येई, खाज सुटे. एकदा बयाबाईंनी वैतागून मला भिरकावले, ती मी कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन पडले. कोंबडीने माझ्यावर बसून अंडेही घातले. ते अंडे, सांगू का, खाकी होते. पण त्या एका दुपारच्या सुटकेत पायाने सारी कमाई घालवली. सूज होती तिथे परत आली. बयाबाई पायाकडे बघत बसून राहिल्या. लग्न जवळ आले होते.

मग त्यांनी डोके चालवले. जुन्या लुगड्याची मऊ पट्टी फाडून आधी ती पायाला गुंडाळली, म्हणजे माझी लोकर टोचेना. सकाळी पाय हलका असतो, म्हणून अंथरुणातून उतरायच्या आधीच मला बांधायचे ठरवले. रात्री मला सोडायचे, पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, खोबरेल लावायचे. आम्हा जुळ्यांच्या पाळ्या लागल्या. एक पायावर, दुसरी धुऊन सावलीत. आणि भर दुपारी? बयाबाई लिंबाखाली आडव्या होत, पाय कडब्याच्या पेंढीवर उंच ठेवत आणि माझ्यावरून पातळ फडके ओले करून, पिळून टाकायला सांगत.

"मडक्याला वलं फडकं गुंडाळल्यावर पानी गार ऱ्हातं," त्या म्हणत, "मग पायानं काय पाप केलंय?"

फडके वाळले की हवालदार तांब्या घेऊन हजर! शेजारच्या साळूबाई एकदा कुंपणावरून ओरडल्या, "काय बया, पल्टनीत भरती झालीस व्हय गं?"

"व्हय! तू बी ये. जागा हाय, पर पाय एवढा जाड लागतोय," बयाबाईंनी उत्तर दिले. लुगड्याचा घोळ त्या दिवशी त्यांनी खाली ओढला नाही.

बांधता बांधता त्या माझ्याशीही बोलत. "घट्ट बस, पर जीव घेऊ नगं," असे. एका सकाळी मला बांधण्याआधी त्या थांबल्या. घोट्याचे हाड दिसत होते! किती वर्षांनी दिसले! जुनी मैत्रीण बाजारात भेटावी तसा त्यांनी त्याला हात लावला.

वैशाखात वऱ्हाड निघाले. गाडीत पेंढ्यावर पाय, पायावर मी, माझ्यावर ओले फडके. माणदेशात सावलीलासुद्धा सावली शोधावी लागत होती. मांडवात बयाबाई पाटावर बसल्या. लुगड्याखालून मी दिसले आणि बायकांत खसखस पिकली. "आगं बया, ही वरमाई का हवालदार?"

"हवालदारीन हाय!" बयाबाई म्हणाल्या. "पाय धुता, का सलामी देता?"

सारे हसले. मग परात घेऊन मुलीची आई राहीबाई पुढे आल्या. आता मला सोडावे लागणार होते. बयाबाईंनी माझ्या गाठीवर हात दाबून धरला. राहीबाईंनी तो अलगद बाजूला केला आणि मला उलगडू लागल्या. एक वेढा, दोन वेढे... आणि मित्रांनो, काय सांगू! आतून पाय निघाला, तो उसाच्या कांड्यासारखा! सडसडीत! बयाबाई उठल्या आणि मांडवभर फुगडी घालू लागल्या! तेव्हापासून पाय कधी सुजला नाही. म्हणून सांगते, मला एकदा बांधा आणि जन्मभराचे...

"खोटं!"

दोरीपाशी बयाबाई उभ्या होत्या. डाव्या पायावर माझी जुळी बहीण.

"लय फेकतीस गं चिंधे! कवा घातली मी फुगडी? पाय जाडच व्हता. परातीत मावला, एवढंच. राहीबाईनं त्यो मांडीवर घेतला, बोटाच्या बेचक्यात पदरानं पुसला, आन् मला हळूच म्हनाली, 'इहीनबाई, हिला खालनं बांधायची का वरनं?' तवा मी रडले. ते न्हाई सांगितलंस व्हय?"

मी दोरीवर नुसती लोंबत राहिले.

"आन् एकदा बांधून काय व्हतंय? आज सोडली की उद्या पाय फुगतोय. रोज धुवायची, रोज बांधायची, ऊन असू दे न्हाईतर पाऊस. ऐकनाऱ्या पोरास्नी ते सांग."

त्यांनी मला दोरीवरून काढले, झटकले, मांडीवर माझी घट्ट गुंडाळी केली आणि मला उशाशी ठेवले.

"आता गप पड. सकाळी काम हाय."