उजवी पाकळी कुणाला दिली

सुविधाने वहीच्या पानावर उभी रेघ मारली. एका बाजूला लिहिलं: आपल्या. दुसऱ्या बाजूला: परक्या.

तिचा रक्ताचा कर्करोग दुसऱ्यांदा परतला होता. मुंबईच्या डॉक्टरांना आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. उपचार दोन, रीत एकच: रक्तातल्या लढाऊ पेशी घ्यायच्या, कर्करोगाच्या पेशीवरची खूण ओळखायला त्यांना प्रयोगशाळेत शिकवायचं आणि अंगात सोडायचं. पेशी कुणाच्या, एवढंच ठरवायचं.

आपल्या
तयार व्हायला चार आठवडे. अंग हाकलत नाही. टिकल्या तर वर्षानुवर्षं पहारा.

परक्या
कुण्या धडधाकट माणसाच्या. शिकवून गोठवलेल्या, आठवड्यात हजर. अजून चाचणीत. अंग त्यांना लवकर हुसकावू शकतं.

एकाऐवजी दोन खुणा ओळखणाऱ्या पेशी
त्यांच्या चाचणीत सध्या जागा नाही. खोडलं.

पाळी गावच्या खाणीवर ती सहा वर्षं खनिजाचे नमुने तपासत होती. लोखंड किती, माती किती, हे रोजचंच. स्वतःचा नमुनाही ती तसाच तपासत होती.

देव
हा रकाना तिने आखलेला नव्हता. तो तिचे बाबा, सगुण, देवळातून घेऊन आले.

"प्रसाद घेतलंय, देवाचो कौल," ते दारातूनच म्हणाले. "मूर्तीक दोन बाजूंनी पाकळ्यो लावल्यो. उजवी आधी पडली. परक्या."

"देवान सांगल्यावर आता बोलणा खुटला," आई चंद्रावती म्हणाली.

सुविधाने पेन्सिल खाली ठेवली. "उजवी कुणाला दिली होती?"

"परक्यांक."

"का?"

सगुण चपला काढत राहिले. दोन चपलांना एवढा वेळ लागत नाही.

"उजवी शुभ, हे डिचोलीतलं शेंबडं पोरही सांगेल," ती म्हणाली. "हवा तो निकाल मनात ठरवूनच देवळात गेलात की तुम्ही. खाणीवर मुकादम बरा ढीग बघून नमुना उचलतो, तेव्हा मी काय करते?"

"परत धाडतंस."

"मग?"

सगुण खुर्चीवर बसले. तीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवलेला माणूस. घाटात ब्रेक गेला तेव्हाही त्यांचा आवाज चढला नव्हता. आता मात्र आवाज बसला. "गेल्या खेपेक उपचारासाठी थांबलंव, आणि दुखणा परत इला. माका परत चार आठवडे थांबाचा नाय गो."

भीती होती ती ही. तिला रकाना नव्हता. सुविधाने कालचा रिपोर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला.

"गेल्या खेपेला अस्थिमज्जेतल्या शंभर पेशींत चाळीस वाईट होत्या. नव्या औषधाने आता शंभरात पुरती एकही वाईट भरत नाही. मधले चार आठवडे याच औषधावर निघतील, असं डॉक्टरच म्हणाले. माझ्या पेशी आज दमदार आहेत. पुन्हा जोरकस केमो झाली तर त्या थकतील. काढायच्या तर आत्ताच."

"आणि तयार झाल्यो नाय तर?"

"तर परक्या आहेतच. फ्रीजरमध्ये आहेत, पळून कुठे जातात?"

चंद्रावतीला हसू आलं. तिने ते पदरात लपवलं, पण उशिरा.

सगुणनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग उठून नारळ घेतला, तुळशीपुढे उभे राहिले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, उजवी मीच परक्यांक दिलेली. ती चूक माझी, माझ्या ह्या चेडवाची नाय."

"व्हय म्हाराजा," चंद्रावती म्हणाली.

"आता तिच्याच पेशी घालूच्यो ठरल्यो. चार आठवडे दुखण्याक वेशीभायर ठेव."

"व्हय म्हाराजा."

"आणि पेशी घातल्यावर तिका ताप येवंक देऊ नको."

"ताप बहुतेक येणारच, बाबा," सुविधा आतून म्हणाली. "पेशी कामाला लागल्या की येतो. आवरण्यासारखा असू दे, असं म्हणा."

सगुणनी नारळ दुसऱ्या हातात घेतला. देवापुढे दुरुस्ती करायची सवय त्यांना नव्हती.

"आवरात इतकोच ताप येवंदे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सुविधा म्हणाली, आणि तिने डॉक्टरांचा नंबर लावला.