वाटीसकट वजन

कादंबरीची पानं दोनशे चौदा. मैत्रिणी दोन, भाड्याची खोली एक, भांडणं सहा. शेवटच्या एकतीस पानांत दोघी वेगवेगळ्या गावांत राहतात. त्या पानांत एकमेकींना केलेले फोन शून्य. मी पुन्हा मोजले. शून्यच.

पुस्तक मला भिंगरीनं दिलं होतं. तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहत होतो. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती आणि उद्या सकाळी ती निघणार होती. पुस्तकाच्या शेवटी नायिका पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकते, ढवळते आणि म्हणते, ‘पंचविशीतली मैत्री अशीच. विरघळली की संपली.’ या ओळीखाली भिंगरीनं पेन्सिलीनं रेघ मारली होती.

“मी काय समजायचं यातून?” मी विचारलं.

“हेच, की आधी रोज फोन, मग आठवड्यातून एकदा, मग नुसता वाढदिवसाला... ते आपण नको करूया. छान होतं, संपलं. शहाण्या मुलींसारखं.”

“शहाणपण गेलं चुलीत. मीठ संपत नाही.”

“झालं! मास्तर सुरू झाले.”

“चल प्रयोगशाळेत.”

“आत्ता? बॅग अर्धी भरायचीय, बाई!”

“अर्धी भरलीय ना? मग चल.”

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. रविवारी दुपारी तिथे कुणी नसतं. चावी माझ्याकडे असते. चिनी मातीची एक वाटी मी आधी रिकामी तोलली. तिच्यात बरोबर पाच ग्रॅम मीठ घेतलं, पाणी ओतलं, काचेच्या काडीनं ढवळलं. काडी धुतली ते पाणीही आतच टाकलं.

भिंगरीनं वाकून पाहिलं. “काही दिसत नाहीये. संपलं.”

मी वाटी तापायला ठेवली. ती स्टुलावर पाय हलवत बसली. पाणी आटत आल्यावर मीठ तडतडायला लागलं, तेव्हा वर काच झाकली. वाटी गार झाल्यावर वाटीसकट तोललं आणि रिकाम्या वाटीचं वजन वजा केलं. ५.३१ ग्रॅम.

भिंगरी खो खो हसली. “अगं, मैत्री वाढली की! लेखिकेला कळव. चल आता.”

“ओलं आहे अजून. खोटं वजन मला नको. पुन्हा तापवायचं, गार करायचं, तोलायचं. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांबायचं.”

“आणि कमी भरलं तर?”

“तर कमी भरलं म्हणून सांगीन. पण न तोलता संपलं म्हणू देणार नाही. त्या दोघींनी एकदा तरी फोन लावून बघितला? लेखिकेनं परस्पर निकाल लावला आणि तू मान डोलावलीस!”

तिचे पाय हलायचे थांबले.

“मला भीती वाटते गं,” ती म्हणाली. “तू फोन करशील आणि आपल्याला बोलायला काहीच नसेल.”

“तर गप्प बसू. फोन चालू ठेवून.”

ती उठली आणि माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. “सरक. मी ठेवते.”

तिनं वाटी तापवली, गार केली, तोलली, पुन्हा तापवली. बॅगेचं नाव काढलं नाही. शेवटी लागोपाठ दोन वजनं सारखी आली. आकडा तिनं वाचला, वजाबाकीही तिनंच केली.

४.९८ ग्रॅम.