पाण्यातलं पीस

शेजारणीच्या केसांवर मी पाणी सोडलं आणि बेसिनमध्ये एक ओलं, करडं पीस पडलं. पाठोपाठ कुजका वास. ती पार्लरच्या खुर्चीतून ताडकन उठली.

"शी! काय ओततेस गं डोक्यावर?"

नळाचंच पाणी होतं. सकाळी सगळ्या गावानं तेच प्यायलं होतं.

आमच्याकडचा पेपर बंद पडल्यापासून बातमी म्हणजे मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मोबाइलवाल्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप. कोण वारलं, वीज कधी जाणार, कुणाचं कुत्रं हरवलं, सगळं तिथंच. मी पिसाचा फोटो टाकून विचारलं, "गावाची पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली?" मेसेज लगेच गायब. मी तडक त्याच्या दुकानात गेले.

"ताई, उगाच घबराट नको," कुणाच्या तरी फोनवर काच चिकटवत तो म्हणाला. "उद्या नगराध्यक्षांचा वाढदिवस. शुभेच्छांच्या जाहिराती घेतल्यात मी."

"म्हणून लोकांनी घाण प्यायची?"

"उकळून प्या की!"

वर दात काढून हसला. अंगावर पाल पडल्यासारखं झालं मला.

माझा धाकटा दीर प्लंबर. त्याला घेऊन टाकीवर चढले. झाकण अर्धं तुटलेलं. आत कबुतरं तरंगत होती, फुगलेली, पिसं सुटलेली. "वहिनी, मागे व्हा," म्हणेपर्यंत तो स्वतःच कठड्यावरून ओकला. मी आतला फोटो काढून ग्रुपवर टाकला, तर ग्रुपमधून मलाच काढून टाकलं.

मग तोंड होतंच. पार्लरच्या पायरीवर उभी राहून मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून फोटो दाखवला. दीर घरोघरी सांगत सुटला. संध्याकाळपर्यंत नगरपालिकेच्या दारात बादल्या घेऊन ही गर्दी! दुसऱ्या दिवशी टाकी उपसली.

त्या दुपारी नवऱ्याच्या फोनवर ग्रुप पाहिला. टाकीपाशी नगराध्यक्ष आणि मोबाइलवाला, दोघं नाकाला रुमाल लावून. खाली लिहिलेलं, 'आपल्या ग्रुपच्या पाठपुराव्याला यश!' त्याखाली टाळ्यांचा पाऊस. शेजारणीच्याही टाळ्या. आणि आमच्या ह्यांच्याही.

"अहो, हे काय?"

"अगं, सगळ्यांनी दिल्या म्हणून... बरं, जेवायला वाढतेस ना?"

मला ह्यांच्याकडे बघवेना.

"ग्रुपवर टाका," मी म्हटलं आणि पार्लर उघडायला निघून गेले.