नंदाबाईच्या तलावात समुद्राचं जाळं

मित्रांनो, मी नायलॉनचं एक जुनं जाळं आहे. माझी कीव करू नका. मी काय केलं ते आधी ऐका.

१९९९ साली पूर्व किनाऱ्यावरच्या एका कारखान्यात मला विणलं. माझी भोकं इतकी बारीक, की करंगळीएवढं पिल्लूही सुटत नसे. खालच्या दोराला शिशाची वजनं होती. यांत्रिक बोट मला समुद्राच्या तळावरून ओढत नेई. तळाचं गवत, शिंपले, अंडी, सगळं मी खरवडून वर आणत असे. विकाऊ मासळी टोपल्यांत जाई, उरलेली मेलेली परत पाण्यात. एकदा एक कासव अडकलं. श्वास घ्यायला त्याला वर यायचं होतं. बोट चार तास थांबली नाही. त्या दिवशी मासळी भरपूर निघाली, म्हणून खलाशांनी माझं कौतुक केलं.

पाच वर्षांत तिथली मासळी घटली. मालकाने माझे तुकडे करून विकले. एक मोठा तुकडा रेल्वेने गोंदियाला आला आणि कामठ्याकडच्या एका गावातल्या भोजराज नावाच्या मासेमाराने तो घेतला.

गावच्या तलावात भोजराजची भावजय नंदाबाई दर उन्हाळ्यात बायांना घेऊन उतरायची. धानाची रोवणी करावी तसं त्या गुडघाभर पाण्यात गवत लावत. पावसाळ्यात मासे त्या गवतात अंडी घालत. म्हणून तेवढ्या भागात कोणी जाळं टाकत नसे. २००५ च्या दिवाळीआधी भोजराजने मला नेमकं तिथूनच ओढलं. मासे ढीगभर आले, आणि गवत मुळासकट.

नंदाबाई काठावर आली.

"मासे नाई धरून राहिले तुमी, भाऊजी. तलाव नांगरून राहिले."

"तण होतं वहिनी ते. तण उपटलं त कायचा गुन्हा?"

"मंग पुढच्या साली तणच खाजा."

समुद्रावर मला असं कोणी अडवलं नव्हतं.

पुढच्या साली खरोखर मासा नव्हता. मासेमारांच्या संस्थेत भांडण पेटलं. तलाव ठेकेदाराला देऊन टाका, असं काहींचं म्हणणं होतं. नंदाबाईने दोन वर्षं मागून घेतली; तोवर मासा परतला नाही तर तलाव जाईल, असं ठरलं. आणि मला जाळायचंही ठरलं.

भोजराजचा जीव माझ्यात अडकला होता. वातावरण निवळलं की काढू, म्हणून त्याने मला खोल पाण्यात एका बुडालेल्या खोडाला बांधलं आणि गावात सांगितलं, "जाळून टाकलं जी." सगळ्यांनी विश्वास ठेवला. महिन्याभराने तो काढायला आला, तर मी खोडात पक्कं गुंतलेलं. एकट्याने निघेना, आणि मदत कोणाकडे मागणार?

तळाशी पडूनही माझं काम थांबलं नाही, मित्रांनो. मासे अडकून मरत. त्यांना खायला दुसरे येत, तेही अडकत. नंदाबाई वर गवत लावत होती, त्यात वाढलेला मासा खाली माझ्यात संपत होता. दोन उन्हाळे लोक तिला वेडी म्हणत राहिले. भोजराजही त्यांच्यात हसला.

२००८ च्या मे महिन्यात, मुदत संपायला पंधरा दिवस असताना, भोजराज तिच्या दारात आला.

"वहिनी, विळा घेऊन चाला. ते जाळं जाळलं नव्हतं मी. तेच मासे खाऊन राहिलं."

तिने विळा उचलला. पाणी उतरून छातीभर राहिलं होतं; दोघांनी मला कापत कापत ओढून काढलं. भोकाभोकांत माशांचे काटे लटकत होते.

"लोक मले येडी मनत होते, तवा तुमी हासले."

"हासलो."

"आता संस्थेत सांगा. सगळ्याइच्या समोर. मी नाई सांगणार."

त्याने सांगितलं. संस्थेने तिला आणखी दोन वर्षं दिली, आणि भोजराजला वर्षभर तलावात उतरू दिलं नाही. त्या मुदतीत मासा परतला आणि तलाव संस्थेकडेच राहिला. नंदाबाई त्याच्याशी आजही बोलत नाही.

माझे तुकडे तिच्या अंगणात पोत्यात बांधलेले आहेत. एकही तुकडा तिने कोणाला वांग्याच्या वाफ्यावर टाकायलाही दिला नाही. ते योग्यच आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्याला जपू नका. फाटलं, जुनं झालं, तर काठावर आणून टाका, पाण्यात सोडू नका. तलावाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, म्हणून मला काढता आलं. समुद्राचं पाणी उतरत नाही. तिथे सोडलेली जाळी या क्षणीही मासे धरत आहेत, आणि त्यांना ओढून काढायला कोणी जात नाही.