डाव्या हाताची ओळ

खुरपं बाजूला टाकून तिने बोटांनीच माती उकरली. उजव्या ओळीतली लसणाची पात वीतभर वाढून ताठ उभी होती. डावीकडची मात्र उशिरा उगवली होती, तीही तिरकी आणि पिवळट.

"पाणी कमी पडलं असेल, आई," लेक मागच्या दारातून म्हणाली.

"पाणी दोन्हींना मीच घालते."

पाकळी हाताला लागली. बूड वर, टोक खाली. कोंब खाली निघून, गळासारखा वळून वर आला होता. तिने दुसरी पाकळी उकरली, मग तिसरी. त्या ओळीतल्या सगळ्या उलट्या.

आणि हे यांच्या हातून? जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, तिळाएवढा स्क्रू चिमटीत धरणारा! दर हिवाळ्याच्या तोंडाशी तो दोन ओळींच्या मधोमध पाटावर बसायचा आणि दोन्ही हातांनी एकदम लसूण लावत जायचा. उजवा हात उजव्या ओळीत, डावा डावीत. खाली बघायचासुद्धा नाही. बोटांना कळतं, म्हणायचा, आणि तिला, स्वतःच्या बायकोलाही, पाकळी शिवू द्यायचा नाही.

यंदाची लसूण लावून झाल्यावर, ऐन थंडीत तो जिन्यावरून पडला आणि गेला. त्या सकाळी जिना तिने धुतला होता. कोणी तिला एका शब्दाने बोललं नाही, पण तिचं मन तिला खात होतं. तेव्हापासून ती जिना कोरड्या फडक्यानेच पुसायची. तरी पाऊल ठेवलं की पायरी ओली लागायची. दुपारी जरा डोळा लागला की कोणीतरी जिना उतरायचं आणि तो पडला त्या सातव्या पायरीवर थांबायचं.

"यांना पडताना तू पाहिलंस ना?" तिने विचारलं. "कठडा धरला होता?"

"पुन्हा तेच काय, आई? हात होता कठड्यावर."

"डावा?"

"उतरताना कठडा डावीकडेच येतो ना."

"मग घसरले नाहीत ते. हातातच जीव नव्हता. लसूण लावली तेव्हापासूनच नव्हता."

 हे बोलली आणि तिला एकदम हलकं वाटलं, इतकं की रडूच फुटलं. डोळे पुसत तिने नळाखाली बादली लावली. आज जिना धुवायचा होता.

मातीत काम करताना ती त्याचा जुना शर्ट अंगात चढवायची. बाह्या सारायला तिने उजव्या मनगटाचं बटण डाव्या हाताने सोडलं, आणि तिची बोटं तिथेच थांबली.

या हिवाळ्यात, तो जाईपर्यंत, रोज सकाळी तो उजवं मनगट तिच्यापुढे धरायचा. "एवढं लाव गं." या एकाच बाहीचं; डावीचं तो स्वतःच लावायचा. आणि ती बटण लावता लावता म्हणायची, "म्हातारपणी नवरदेवाचे लाड!" तोही हसायचा.

बादली भरून वाहू लागली. ती मनगट पुढे धरून उभीच राहिली. शेवटी लेकीने येऊन नळ बंद केला.