नसल्याची तालीम

समोरच्या इमारतीतलं जोडपं गाडीच्या अपघातात एकदमच गेलं, आणि त्यांच्या गॅलरीतली चादर दोरीवर तशीच राहिली. वाळली, भिजली, पुन्हा वाळली. त्यांची मुलं आज काकाकडे तर उद्या मामाकडे. ओट्याशी उभं राहिलं की तिला ती चादर दिसायची. पुढे कोणीतरी ती काढून नेली, तर जास्तच दिसायला लागली.

मग तिने वकीलबाईंची वेळ घेतली. नवऱ्याने खूप चेष्टा केली. आपल्याकडे आहे काय, हप्त्यांचं घर आणि माझा बंद पडलेला कॅमेरा, त्यावरून वारसदार एकमेकांची डोकी फोडतील होय, म्हणाला. पण सह्या मुकाट्याने करत गेला. मृत्युपत्राचा मसुदा झाला. विमा, खात्यांवरची वारसांची नावं, दोघांपैकी एक अंथरुणाला खिळलं तर व्यवहार कोणी बघायचे, सगळं तिने एकेक करून मार्गी लावलं. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. दोघंही नसतील तेव्हा मुलीची पालक कोण?

मुलगी चार वर्षांची. सारखी तुरुतुरु पळायची म्हणून सगळे तिला खारू म्हणत. तिची मावशी म्हणजे हसरी, खेळकर, खारूचा जीव की प्राण. पण गॅसवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारायला जाणारी. आणि आत्या, नवऱ्याची थोरली बहीण, एकटी राहणारी, दातांच्या कवळ्या घडवायचं काम करणारी. ताई जगाला दात देते, पण स्वतःचे कधी दाखवत नाही, असं नवरा म्हणायचा. तिचं डोकं नणंदेकडे झुकत होतं. मन मात्र तयार होत नव्हतं. या कोरड्या बाईच्या कुशीत माझं पोर रडेल तरी का?

वकीलबाई म्हणाल्या, पालकाची संमती घ्या आणि मुलीला त्यांची सवय होऊ द्या. दुसऱ्या कोणी मुलीला दोन-चार रविवार आत्याकडे पाठवलं असतं. हिने तालीम ठरवली. एक अख्खा दिवस आई-बाबा नाहीत असं धरून घर चालवायचं.

नणंदेने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत विचारलं, "तू कुठे असशील?"

"घरातच."

"गेलेली माणसं घरात नसतात गं."

"मी कोपऱ्यात बसेन, ताई. मधे बोलणार नाही."

खारूला तिने खेळ म्हणून समजावलं. आई दिसली तरी दिसत नाही असं करायचं. हाक मारली तरी ऐकायचं नाही, हात लावायचा नाही, सगळं आत्याला विचारायचं. खारूला हे फारच आवडलं.

रविवारी सकाळी नवरा, मी माझं मरण मित्राकडे साजरं करतो म्हणत सटकला. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. पहिला तास मजेत गेला. खारू तिच्याकडे चोरून बघायची आणि तोंडावर हात दाबून खुदकन हसायची. नणंदेने दूध भलत्याच पेल्यात ओतलं, भांग वाकडा पाडला, मोजे उलटे घातले. प्रत्येक वेळी तिच्या जिभेवर शब्द आला आणि तिने तो गिळला.

दुपारी खारू सोफ्याच्या कडेवरून पडली. हनुवटी आपटली. क्षणभर आवाजच फुटला नाही, मग तिने "आई" म्हणून टाहो फोडला आणि धावत सुटली. खुर्चीपासून दोन पावलांवर थबकली. खेळ आठवला असावा. खुर्चीच्या हातांवरून आईचे हात आपोआप उचलले गेले होते. तिने ते पुन्हा खाली ठेवले. का ठेवले, हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

काही नाही झालं, असं नणंद म्हणाली नाही. मोबाइलही पुढे केला नाही. ती फरशीवर फतकल मारून बसली.

"लागलंय तुला. आणि आई हवी आहे. ती नाही येऊ शकत. रड तू, मी इथेच आहे."

खारू त्या मांडीत शिरली आणि पोटभर रडली. शेवटचा हुंदकाही ओसरल्यावर उठली, तोंड धुऊन आली.

त्यानंतर तिने खुर्चीकडे पाहिलं नाही. चोरूनसुद्धा नाही. आपला लाकडी घोडा फरशीवरून दौडवत आली आणि आईच्या पायांना वळसा घालून गेली, कपाटाला घालावा तसा. बाहुलीचा ओला फ्रॉक आणून खुर्चीच्या हातावर वाळत घातला, आईच्या बोटांना लागून. खुर्चीतून ती मुद्दाम खोकली. कोणी वळलं नाही. थोड्या वेळाने नणंद खोलीतून बाहेर पडली आणि जाता जाता सवयीने दिवा बंद करून गेली. आतून खारूचं हसणं ऐकू आलं. हेच तर हवं होतं मला, असं तिने स्वतःला बजावलं. पण उठावं की बसावं हेही आता कोणाला विचारायचं ते तिला कळेना.

संध्याकाळी नवरा आला. "काय, पार पडलं का सगळं?" खारू जाऊन त्याला बिलगली. दाराबाहेरून आला तो तिच्या हिशेबी परत आला होता.

ती खुर्चीतून उठली. "खारू, संपला खेळ. ये."

खारूने मान वर केली नाही. तिने पुन्हा हाक मारली. पोरगी आत्याचा पदर ओढून कुजबुजली, "आत्या, ती अजून तिथेच आहे."

नवरा हसला, आणि मधेच थांबला. खेळ कसा खेळायचा हे तिने नीट शिकवलं होतं. कधी संपला म्हणायचं, हे सांगायचं राहून गेलं होतं. आणि आईने हाक मारली तरी ऐकायचं नाही, हे तर तिनेच चारचारदा घोकून घेतलं होतं.

"जा," नणंद म्हणाली. "हात लावून बघ."

खारू अंतर राखत आली. एक बोट तिच्या गालावर टेकवलं.

"आहेस?"

"आहे."

"उद्या?"

एरवी ती चटकन म्हणाली असती, मी कुठ्ठे जाणार नाही.

"उद्याचं नाही सांगता येत कोणाला," नणंद मागून म्हणाली. "आत्ता आहे ना? मग धर घट्ट."

खारूने धरलं. इतकं घट्ट की दुखलं.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंच्या कचेरीत दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्रावर सह्या झाल्या. पालक म्हणून नणंदेचं नाव घातलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, आता निर्धास्त राहा, तुमच्यावाचून काही अडणार नाही. तिने मान डोलावली.

बाहेर फुटपाथवर चांगलीच वर्दळ होती. समोरून एक माणूस भरभर येत होता. ती बाजूला झाली नाही, तशीच सरळ चालत राहिली. तो अगदी जवळ आला, दचकला, आणि अंग चोरून बाजूने निघून गेला, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.