फुंकरबाबांचे शिळे अंडे

टायरच्या दुकानावरच्या लांबट खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर चपलांचा ढीग साचला होता आणि आत न मावलेली माणसे दारातून माना उंच करून पाहत होती. मधोमध फुंकरबाबा बसले होते. त्यांनी अंडे रुमालात गुंडाळले, समोरच्या तरुण बाईच्या डोक्यावरून फिरवले, त्यावर अशी फुंकर मारली की पुढच्या रांगेला तुषारस्नान घडले, आणि काचेच्या वाडग्यात फोडले. बलकासोबत काळ्या दोऱ्याची गाठ बाहेर पडली.

"एका दुष्ट जिन्नाने हिची कूस बांधली होती," बाबा म्हणाले. "अंडं तुमच्या घरचं, टरफल अख्खं. आता सांगा, डॉक्टरच्या कोणत्या यंत्राला ही गाठ दिसली असती?"

खोलीभर हुंदके उमटले. ती तरुण बाई बेकरीवाल्यांची सून होती. तिच्यामागे सासूबाई बसल्या होत्या. त्यांना सारा बाजार अम्मी म्हणे, आणि त्यांच्यासमोर भट्टीसुद्धा बेताने धूर सोडी. अम्मींच्या डोळ्यांत पाणी आले नाही, कारण त्यांचे लक्ष बलकावर होते. ते अंडे त्यांनी स्वतः निवडून आणले होते. ताज्या अंड्याचा बलक ताठ बसतो. हा मात्र पडताक्षणी पसरला. जिन्न असोत वा नसोत, आपल्या बेकरीतून शिळे अंडे बाहेर पडले, हे अम्मी मरेपर्यंत मान्य करणार नव्हत्या.

बाबांनी पुढचे फर्मान काढले. अजून एक गाठ बाकी आहे; ती सुटली की पाळणा नक्की हलेल. ती सुटेपर्यंत नळीतल्या बाळाचा विचारही हराम; दवाखान्याची पायरी चढलात तर गाठ दुप्पट आवळेल.

घरी येताच अम्मींचा मुलगा दवाखान्याला नकार कळवायला फोन घेऊन बसला. सूनबाई कित्येक दिवस पोटात इंजेक्शने टोचून घेत होती आणि स्त्रीबीजे काढण्याचा दिवस परवावर आला होता. तिची बीजे झपाट्याने कमी होत आहेत, ही वेळ हुकली तर पुढची मिळेलच असे नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावले होते. मुलाचे पालुपद एकच, हराम असेल तर?

"सुया मी टोचून घेतल्या," सून म्हणाली, "आणि घाबरताय तुम्ही."

अम्मींनी त्याच्या हातातला फोन काढून पिठाच्या डब्यावर ठेवला आणि त्याला तडक इमामसाहेबांकडे नेले. इमामसाहेब स्टुलावर चढून मशिदीतला पंखा पुसत होते. वरूनच त्यांनी सांगितले की आजारावर उपाय शोधणे हे पाप नव्हे. बीज नवऱ्याचे, बीज बायकोचे, कूस त्याच बायकोची आणि निकाह कायम, एवढे असेल तर बहुतेक आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, या उपचाराला परवानगी दिली आहे. परक्याचे बीज मात्र चालणार नाही.

"म्हणजे नवरा-बायकोच्या मध्ये तिसरं कुणी नको," अम्मींनी खात्री करून घेतली.

"नको."

"मग तो फुंकणारा मध्ये काय करतोय?"

इमामसाहेबांनी पंख्याच्या पात्यात तोंड लपवले. खांदे मात्र हलत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबांकडे गर्दी आणखी वाढली होती. अम्मींनी सर्वांदेखत अंडे बाबांच्या हाती दिले. रुमाल, प्रदक्षिणा, तुषारस्नान यथासांग पार पडले. अंडे फुटले, बलक पसरला, गाठ निघाली. कुणी तरी धन्य धन्य म्हणू लागताच अम्मी उभ्या राहिल्या.

"हे माझंच अंडं ना, बाबा?"

"तुमचंच, अम्मी. अल्लाची शपथ."

"मग चमत्कार मोठाच झाला. मी ते सकाळी उकडून आणलं होतं."

बाबांना घाम फुटला, तरी जीभ थांबेना. जिन्न शिजलेलेही कच्चे करू शकतो, असे ते म्हणाले.

"मग त्याला माझ्या भट्टीवर पाठवा," अम्मी म्हणाल्या. "करपलेले पाव बरेच पडलेत."

दाराकडून पहिले हसू फुटले. तोवर सूनबाईने वाडग्यातले टरफल उचलून खिडकीच्या उजेडात धरले होते. टोकाशी सुईएवढे छिद्र होते, मेणाने बुजवून वर चुना चोळलेले. बाबा उठायला गेले आणि त्यांच्या ढगळ बाहीतून अम्मींचे उकडलेले अंडे घरंगळत खाली आले. सारा करिष्मा एवढाच होता: छिद्रातून दोरा सारायचा, मेण लावायचे, आणि रुमालाच्या आडून अदलाबदल करायची. भोक पाडलेले अंडे लवकर नासते, म्हणून बलक पसरत होता. लोक बाबांना जाब विचारायला पुढे सरसावले. अम्मी सुनेला घेऊन जिना उतरल्या.

ठरल्या दिवशी तिघेही दवाखान्यात होती. प्रयत्न पूर्ण करू, पण मूल होईलच असे वचन देता येणार नाही, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुलाचा चेहरा उतरला.

"बाबा तर नक्की म्हणत होता," तो पुटपुटला.

"त्याला नक्की म्हणायला काय जातंय? सुया तिने टोचून घेतल्यात." अम्मींनी त्याची पाठ सरळ केली. "दुआ मागायची तर स्वतःच्या तोंडाने माग, त्याला कुणाची फुंकर लागत नाही. आणि उपचार करणाऱ्याला विचार, हे कसं होतं, आणि नाही झालं तर काय. जो उत्तर देईल त्याच्याकडे थांब. जो जिन्नाचं नाव घेईल त्याच्यापुढून ऊठ."

सूनबाईने पदर सावरला, डॉक्टरीणबाईंना आपले आणखी दोन प्रश्न विचारले, उत्तरे नीट ऐकली, आणि स्वतःच्या पायांनी आत चालत गेली.